‘फॅलो’ जमीन म्हणजे नक्की कसली जमीन?

माझी भाची सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. मध्यंतरी तिच्या वहीत एक प्रश्न होता, फॅलो लँड म्हणजे काय ते चित्र काढून दाखवा. तिने मन लावून चित्र काढलं होतं. भेगा पडलेली जमीन, एक वाळकं झाड, एक निवडुंग, वर भाजणारा सूर्य आणि कोपऱ्यात एका जनावराची कवटी. खाली लिहिलं होतं, पडीक जमीन. आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले होते.

मला ते बघून वाईट वाटलं, कारण ज्याला खरोखर फॅलो म्हणतात अशी जमीन मी लहानपणापासून बघत आलोय, मामाच्या रानात, मंगळवेढ्याकडे. आणि ती या चित्राच्या बरोबर उलट दिसते. काळीभोर, भुसभुशीत, गवताची काडी नाही, नुकती वेणीफणी केल्यासारखी. त्यात पीक नसतं एवढंच. पण पीक नाही म्हणजे जमीन मेली हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की डिक्शनरीत फॅलोसमोर ‘पडीक’ दिसलं की आपण तिथेच थांबतो आणि पुढे काही विचारतच नाही.

आणि हा शब्द आता सारखा कानावर येतो. सरकारी आकडेवारीत ‘करंट फॅलो’ असतं, उपग्रहाच्या नकाशात फॅलो असतं. इंग्लंडातल्या त्या मोठ्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाने २०२६ हे ‘फॅलो इयर’ म्हणून जाहीर केलं तेव्हा तर शेतीशी काडीचा संबंध नसलेली पोरं पण विचारायला लागली की हे फॅलो म्हणजे काय बुवा. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढू.

आधी उच्चार, कारण तिथेच पहिला घोळ होतो

फॅलो (fallow). ‘फॅन’मधला फॅ. इन्स्टाग्रामवर करतो तो फॉलो वेगळा, कॉलेजात रिसर्च करणारा फेलो वेगळा. तिन्हींची स्पेलिंगं शेजारी-शेजारी असल्यामुळे टाइप करताना मोबाइल स्वतःच बदलून टाकतो आणि मग ‘द फील्ड इज फॉलो’ असलं काहीतरी तयार होतं.

सरळ अर्थ सांगायचा तर ज्या जमिनीत पीक घेता येतं, आधी घेतलेलं आहे, पुढेही घ्यायचं आहे, पण आत्ता, या हंगामात किंवा या वर्षी, मुद्दाम पेरलेली नाही ती फॅलो. यात तीन गोष्टी एकदम येतात बघा. जमीन कसायच्या लायकीची आहे, ती सध्या रिकामी आहे, आणि ती परत पेरली जाणार आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ‘पडीक’ म्हटलं की नेमकी तीच गळून पडते.

शब्द मुळात नांगरणीतून आलाय

आता गंमत बघा. आज कुठलीही इंग्रजी डिक्शनरी उघडली तर फॅलोच्या अर्थात ‘न कसलेली’, ‘न नांगरलेली’ असं कुठेतरी सापडतंच. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द नांगरलेल्या जमिनीलाच वापरायचे! म्हणजे नांगरून ठेवलेलं रान. मग हळूहळू अर्थ झाला नांगरून ठेवलेलं पण न पेरलेलं रान, आणि त्यातून पुढे नुसतंच न पेरलेलं, आणि शेवटी कधीतरी न नांगरलेलं पण. तीन-चार पायऱ्यांत शब्द बरोबर उलट्या तोंडाने उभा राहिला.

हे एकट्या इंग्रजीचं नाही. जर्मनमध्ये अशा जमिनीला ‘ब्राखं’ म्हणतात आणि तो शब्द ‘मोडणे, फोडणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलाय, म्हणजे ढेकळं फोडणे. जून महिन्याचं त्यांच्याकडचं जुनं नावच मुळी ‘ब्राखमोनाट’, कारण त्या महिन्यात पड ठेवलेली जमीन नांगरायची असायची. म्हणजे ज्या लोकांनी हे शब्द बनवले त्यांच्या डोळ्यांपुढे ओसाड माळ नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे घाम गाळून तयार केलेलं रान होतं.

मध्ययुगात युरोपात बऱ्याच गावांत तीन-वावरी पद्धत होती. गावच्या जमिनीचे तीन मोठे तुकडे करायचे, एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतातलं बार्ली, ओट किंवा वाटाणे, आणि तिसरा पड. पुढच्या वर्षी फिरवायचं. दर वर्षी गावाची एक तृतीयांश जमीन रिकामी. पण त्या रिकाम्या तुकड्यात उन्हाळ्यात दोन-दोन तीन-तीन वेळा नांगर फिरायचा तण मारायला, आणि मधल्या काळात गावची जनावरं त्यात चरायची, तिथेच शेण टाकायची. नुसता मोकळा सोडलेला नव्हता तो.

आपल्याकडे उलटं झालंय. आपला शब्द ‘पड’ हा ‘पडणे’तून आला. पडलेली, टाकलेली. त्यामुळे शब्दातच थोडी हार आहे, थोडा निष्काळजीपणा आहे. संस्कृतात न कसलेल्या जमिनीला ‘अप्रहत’ असाही शब्द आहे, म्हणजे जिच्यावर नांगराचा घाव पडलेला नाही ती, आणि दुसरा शब्द ‘खिल’. हा खिल मला फार आवडतो कारण त्याचा दुसरा अर्थ पुरवणी असा आहे, हरिवंशाला महाभारताचं खिल म्हणतात ते याच अर्थाने. पण मी वाहवत जातोय, रानात येऊ.

मंगळवेढ्याच्या रानात

सोलापूर जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि तोसुद्धा वेळेवर येईल याची खात्री नाही. जून-जुलैत येतो, दोन सरी सोडतो आणि गायब होतो. खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. अशा ठिकाणी जूनमध्ये पेरलं तर पीक मधेच वाळून जायचा धोका. पण जमीन मात्र जबरदस्त, खोल काळी, ओल धरून ठेवणारी. मग तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय केलं तर पावसाळ्यात पेरायचंच नाही. खरीप पड ठेवायचं, सगळा पाऊस जमिनीला पिऊ द्यायचा, आणि उत्तरा-हस्त नक्षत्राच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य, त्या साठलेल्या ओलीवर ज्वारी पेरायची. मग त्या ज्वारीला वरून पाऊस मिळो न मिळो, ती हिवाळाभर खालचं पाणी आणि पहाटेचं दव यावर उभी राहते. मंगळवेढ्याची ती मालदांडी ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची पांढरीशुभ्र भाकरी आपण खातो ती या पडीवर तयार होते. पडीतून भाकरी येते हे डोक्यात धरून ठेवा, पुढे लागेल.

लहानपणी एकदा भाद्रपदात मी तिकडे होतो. रान मोकळं होतं, आजूबाजूच्या बांधांवर गुडघाभर गवत आणि मामाच्या रानात मात्र काहीच नाही. मला वाटलं मामाने यंदा शेती सोडली की काय. मी तसं विचारलं तर मामा म्हणाला, “हातानं उकरून बघ की.” मी बसलो आणि बोटांनी उकरायला लागलो. वरचा थर दोन-तीन बोटं, कोरडा, पिठासारखा, गरम. त्याच्या खाली एकदम गार. माती काळी, चिकट, मुठीत दाबली तर तिचा लाडू झाला आणि तो लाडू मोडेना. वर पंधरा दिवस पाऊस नव्हता हो. मामा म्हणाला वरचा तो भुगा आहे ना, ते पांघरूण आहे, ते कुळवाने केलंय.

हे पांघरूणाचं काम समजून घ्या. पाऊस पडून गेला, जमीन वाफशावर आली, म्हणजे पाय रुतणार नाही इतपत सुकली, की लगेच कुळवाची पाळी घालायची, म्हणजे बैलाने ओढायचं ते पात्याचं अवजार रानभर एकदा फिरवायचं. विदर्भात त्याला वखराची पाळी म्हणतात. याने दोन कामं होतात. उगवू पाहणारं तण कोवळं असतानाच कापलं जातं, नाहीतर तेच तण सगळं पाणी पिऊन टाकेल. आणि काळ्या जमिनीला ज्या भेगा पडायला लागतात, ज्यातून खालची ओल वाफ होऊन निघून जाते, त्या बुजतात. पुन्हा पाऊस, पुन्हा वाफसा, पुन्हा पाळी. एका पावसाळ्यात चार-चार पाच-पाच पाळ्या. बैलाच्या जोडीच्या दिवसांत हे काय कष्टाचं काम होतं याचा विचार करा, आणि एवढं सगळं करून रान बाहेरून दिसतं ‘रिकामं’.

म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या त्या शब्दाचा जो मूळ अर्थ, नांगरलेलं पण न पेरलेलं, तो आज इंग्लंडात कमी आणि आपल्या सोलापुरात जास्त जिवंत आहे असं मला वाटतं.

रिकाम्या जमिनीत आत काय चाललेलं असतं

दूध विरजायला लावून आपण रात्रभर बाजूला ठेवतो. भांडं झाकलेलं, गॅस बंद, कुणी ढवळत नाही. पण ‘ते पातेलं पडीक आहे’ असं घरात कुणी म्हणत नाही, कारण आत काहीतरी लागतंय हे सगळ्यांना माहिती असतं. जमिनीचं असंच.

पहिलं म्हणजे पाणी. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकाला ओढता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी मावू शकतं. सोलापूरच्या वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी, धरणाशिवाय, पाइपशिवाय, थेट मुळांच्या जागी. दुसरं म्हणजे नत्र, ज्यासाठी आपण युरिया टाकतो ते. जमिनीत मागच्या पिकाची मुळं, धसकटं, पालापाचोळा असतो. ओल आणि ऊब मिळाली की सूक्ष्म जीव ते खातात आणि त्यातलं नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळं करतात. पीक उभं असतं तेव्हा ते नत्र लगेच उचललं जातं, पड असते तेव्हा साठत जातं. तिसरं म्हणजे कीड आणि रोग. दर वर्षी तेच पीक घेतलं की त्याच्यावर जगणाऱ्या किडीला कायमचं जेवणाचं ताट मिळतं, मधे खंड पडला की तिची उपासमार होते. उन्हाळी नांगरट केली की कोष उघड्यावर येतात आणि नांगरामागे चालणारे बगळे-साळुंक्या ते वेचून खातात, हे तर डोळ्यांनी दिसतं. हरळी, कुंदा, लव्हाळा यांच्या गाठी आणि काशा पण उन्हात तापून मरतात, निदान अर्ध्या तरी.

आणि मेंढरं! पावसाळा संपला की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट त्यांचे फिरते तळ, फिरायला लागतात. मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची, शंभर-दोनशे मेंढ्या एका जागी बसल्या की सकाळी जमिनीवर लेंड्यांचा आणि मुताचा थर. शेतकरी त्यासाठी पूर्वी धान्य द्यायचे, आता पैसे देतात. रान मोकळं नसेल तर हे होणार कसं? पड ही मेंढपाळाची पण गरज आहे, आणि ती गरज कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

सरकारी कागदावरची पड

आता जरा कोरडा भाग पण गरजेचा. आपल्या देशात जमिनीच्या वापराची नऊ प्रकारांत विभागणी होते. त्यातल्या तीनच आपल्याला इथे हव्यात. नेहमी पेरली जाणारी पण चालू वर्षात न पेरलेली जमीन म्हणजे ‘चालू पड’, इंग्रजीत करंट फॅलो. एक वर्षापेक्षा जास्त पण पाच वर्षांपेक्षा जास्त नाही इतका काळ न पेरलेली म्हणजे ‘इतर पड’. आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ हात न लागलेली, पण मनात आणलं तर कसता येईल अशी, ती ‘लागवडयोग्य पडीक’. तिथून पुढे ती फॅलो राहत नाही, तिला इंग्रजीत वेस्ट म्हणतात. म्हणजे सरकारी आकडेवारीच्या डोळ्याने फॅलोचं आयुष्य पाच वर्षं.

या तिन्हींशिवाय डोंगरकपारी, खडक, वाळवंट अशा कसताच न येणाऱ्या जमिनीचा रकाना वेगळा, आणि गायरानाचा वेगळा.

मराठीत मात्र या सगळ्यांना बातमीत एकच शब्द, पडीक. ‘राज्यात इतके लाख हेक्टर जमीन पडीक’ असा मथळा आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माझ्या भाचीचं चित्र येतं, कवटीवालं. मग साहजिक पुढचा विचार येतो की एवढी जमीन फुकट पडलीय तर तिथे सोलर पॅनेल लावा, कारखाना काढा, झाडं लावा. त्या आकड्यात मामाचं ज्वारीचं रान आहे का, माळढोकाचा गवताळ माळ आहे का, मेंढरांचं कुरण आहे का, हे कोण विचारणार? सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करावं लागलं ते गवताळ माळावरच, आणि असे माळ वर्षानुवर्षं कागदावर ‘वेस्टलँड’ म्हणून नोंदले गेलेत. देशाचा जो वेस्टलँड ॲटलस निघतो त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत देशाची जवळजवळ सतरा टक्के जमीन वेस्टलँड दाखवलीय, साडेपाच कोटी हेक्टरच्या वर. त्यातलं खरोखर ‘वेस्ट’ किती आणि कुणाच्या तरी रोजच्या वापरातलं किती, हा प्रश्न एका शब्दाने झाकला जातो. शब्दांवर एवढा वेळ का घालवायचा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

“पण एवढी तोंडं खायला असताना जमीन रिकामी ठेवायची ऐपत कुणाला?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आजचा पण नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात नेमकं हेच म्हणून पड बंद करायला सुरुवात झाली. नॉरफोक भागात चार पिकांची फेरपालट रूढ झाली, गहू, मग सलगम, मग बार्ली, मग क्लोव्हर नावाचं द्विदल गवत. यात पडीचं वर्षच नाही. सलगमच्या ओळींत खुरपणी होते म्हणून तण मरतं, क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, जनावरं दोन्ही खातात आणि शेण देतात. म्हणजे पड जी जी कामं करत होती ती कामं पिकांना वाटून दिली.

आपल्याकडे यासाठी एक फार सुंदर शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकाने मागे ठेवलेली जमिनीची अवस्था म्हणजे बेवड. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ असं म्हणतात ते याच कारणाने, हरभरा द्विदल आहे, नत्र सोडून जातो, त्यामागे घेतलेलं पीक खुशीत येतं. ज्या शेतकऱ्याला बेवड कळतो त्याला फॅलो समजावून सांगावाच लागत नाही, त्याच्यासाठी पड हा बेवडाचाच एक प्रकार आहे.

मग खतं आल्यावर पडीची गरजच काय, असं पण विचारतात. नत्रापुरतं ते खरं आहे. पण युरियाची गोणी पाणी साठवत नाही, किडीची साखळी तोडत नाही. आणि जिथे पाणी भरपूर आहे तिथे जमिनीला उसंतच न देता ऊस आणि ऊस घेतला, पाटाने पाणी सोडत राहिलो, तर काय होतं ते सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या क्षारपड जमिनी बघितल्या की दिसतं. वर पांढरा थर, खाली चिबड, ऊस पिवळा. बघा, ‘क्षारपड’मध्ये पण पड आहेच, फक्त ही पड कुणी ठरवून ठेवलेली नाही.

युरोपने तर दोन्ही टोकं बघितली. धान्याचे डोंगर झाले म्हणून तिथे १९८८ पासून शेतकऱ्यांना जमीन रिकामी ठेवायचे पैसे मिळायला लागले, १९९२ पासून मोठ्या शेतकऱ्यांना मदत हवी असेल तर ते बंधनकारक झालं, आणि धान्य महागल्यावर २००८ मध्ये ते गुंडाळलं. नंतर पर्यावरणासाठी चार टक्के जमीन पड किंवा मोकळी ठेवायचा नियम आला, तोही शेतकऱ्यांच्या आंदोलनांनंतर २०२४ मध्ये मागे घेतला. म्हणजे पड ठेवायची की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही, श्रीमंत देशात सुद्धा.

“मग पड ठेवणं नेहमीच चांगलं का?”

नाही. आणि हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वरचं वाचून कुणाला वाटेल मी पडीच्या आरत्या ओवाळतोय.

पावसाळ्यात उघडी ठेवलेली काळी जमीन म्हणजे धूप. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या लांबच्या प्रयोगात दिसलं की पारंपरिक खरीप-पडीच्या रानातून वर्षाला हेक्टरी सहा टनांच्या आसपास माती वाहून जाते, आणि रुंद वाफे-सऱ्या करून पावसाळ्यातही पीक घेतलं तर ते दीड टनांवर येतं. फरक फार मोठा आहे. त्यामुळे जिथे पाऊस बऱ्यापैकी भरवशाचा आहे तिथे खरिपात मूग, उडीद, सोयाबीन घेणं शहाणपणाचं. मामाने पण गेल्या काही वर्षांत अर्ध्या रानात खरिपात काहीतरी लावायला सुरुवात केलीय आणि बांध जास्त उंच केलेत.

याहून भयंकर उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या मैदानी प्रदेशात माती नांगरून-कुळवून भुगा करून ठेवायची पद्धत होती, आपल्या पांघरूणासारखीच. पण तिथलं वारं वेगळं. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि तो भुगा उडाला, धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार केला. आज तिथे पड ठेवतात तरी मागच्या पिकाची धसकटं तशीच उभी ठेवतात. एका मातीत जे पांघरूण ते दुसऱ्या मातीत वादळ, म्हणून दुसरीकडची पद्धत उचलताना वारं, पाऊस, माती तिन्ही बघावं लागतं.

आणि एक तिसरी पड आहे, कोकणातली, ती बघून जीव तुटतो. कोकणात वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत पूर्वी एक वर्ष नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा, आणि मग काही वर्षं पड, अशी रीत होती. ती खरी फॅलो, तिला मुदत होती. आता खाली भाताच्या खाचरांत जी पड दिसते ती तशी नाही. माणसं मुंबई-पुण्याला गेली, मजूर मिळत नाही, माकडं-डुक्करं ठेवत नाहीत, एकाच खाचरात बारा हिस्सेदार. पहिल्या वर्षी गवत, दुसऱ्या वर्षी रानमोडी, पाचव्या वर्षी बांध फुटलेला. गोव्यात खाजन शेतीचं असंच, खारं पाणी अडवणारा बांध एकट्याने राखता येत नाही, शेजाऱ्याने सोडलं की तुमचंही शेत बुडतं. हिला फॅलो म्हणू नका. फॅलो म्हणजे परत येणार असा शब्द दिलेली जमीन. ही सोडून दिलेली जमीन आहे.

माणसांना आणि महोत्सवांना लागू होतो तेव्हा

ग्लास्टनबरी महोत्सव सॉमरसेटमधल्या वर्दी फार्म नावाच्या खऱ्याखुऱ्या दुधाच्या गोठ्याच्या शेतावर भरतो. दोन लाख माणसं पाच दिवस तंबू ठोकून राहतात, नाचतात, चिखल करतात. म्हणून अधूनमधून एक वर्ष सुट्टी, २०१८ मध्ये होती, तशी २०२६ ची. तिथे फॅलो इयर हा नुसता अलंकार नाही, गवताला आणि गाईंना खरंच मोकळीक मिळते.

ज्यू धर्मात तर सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची आज्ञाच आहे, त्याला ‘श्मिटा’ म्हणतात, मागचं वर्ष २०२१-२२ मध्ये झालं. ते बंधन फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे. पण आठवड्याच्या सातव्या दिवसाचा विसावा हा त्याचाच धाकटा भाऊ, आणि तो आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं पाळला गेलाय. तेलाचे घाणे चालवणारे तिथले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे.

पुढे हा शब्द माणसांनाही लागला. एखादा गायक दोन वर्षं नवं काही करत नाही, एखाद्या टीमला बरीच वर्षं कप मिळत नाही, त्याला ‘फॅलो पिरियड’ म्हणतात. यात आशा गृहीत आहे. संपला, आटला असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत ‘बॅरन’ म्हणतात. हा फरक जपा, कुणाच्या तरी कष्टाच्या काळाबद्दल आपण बोलत असतो.

कुठे वापरायचा, कुठे नाही

शहरातला रिकामा प्लॉट फॅलो नाही, तिथे कुणी पेरत नव्हतं आणि पेरणारही नाही. खडकाळ माळ फॅलो नाही, तो बॅरन. कधीच नांगर न लागलेली जमीन फॅलो नाही, तिला व्हर्जिन म्हणतात. ‘अनकल्टिव्हेटेड’ हा सगळ्यांना पोटात घेणारा ढोबळ शब्द, शंका असेल तर तो वापरा. इंग्रजीत ‘लाय फॅलो’ म्हणजे पड राहणे आणि ‘लीव्ह फॅलो’ म्हणजे पड ठेवणे, आणि मराठीत सुद्धा ‘राहणे’ आणि ‘ठेवणे’ यात किती अंतर आहे बघा. फॅलो डिअर नावाचं ठिपक्यांचं हरीण असतं त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो फॅलो म्हणजे फिकट पिवळसर-तपकिरी रंग, जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द, नुसतं स्पेलिंग जुळलंय.

भाषांतर करत असाल तर फॅलोला ‘पडीक’ लिहायच्या आधी दोन सेकंद थांबा आणि ‘पड’, ‘पड ठेवलेली’, ‘चालू पड’ यातलं काय बसतं ते बघा. भाचीला पण मी एवढंच सांगितलं आणि मामाच्या रानाचा फोटो पाठवला.

आणि ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावर गाव नमुना बारा काढून बघा. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये आपली नोंद आपणच करतो, त्यात ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ असे दोन वेगळे पर्याय येतात. पीक कर्ज, विमा, नुकसानीची मदत, सगळीकडे हीच पीक नोंद बघितली जाते. खरिपात पड ठेवून रब्बीत ज्वारी घेत असाल तर खरिपाला चालू पड टाका, आणि मग रब्बीची नोंद सुरू झाली की उभ्या ज्वारीत जाऊन फोटो काढून ती दुसरी नोंद पण न विसरता करा.